गुरुत्वाकर्षणाचे पर्यायी सिद्धांत आणि नारळीकरांचे विश्व



सुर्ल्याच्या लाल मातीविषयी सुर्ल्यातील माणसाला नव्याने काही सांगण्याची गरज नाही. डिचोली तालुक्यातील या परिसरात कित्येक दशके खनिज लोखंडाचे उत्खनन झाले. मातीने माखलेल्या ट्रकांच्या रांगा नदीकाठच्या धक्क्यांकडे गेल्या आणि तेथून भरलेल्या बार्ज मुरगाव बंदराच्या दिशेने निघाल्या. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्यंतरी पुन्हा चालू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या; त्याचे बरेवाईट परिणाम घरोघरी पोहोचले. या लोखंडाचे खडक सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत असे भूशास्त्र सांगते. परंतु त्या खडकांतील लोखंडाचे अणू त्याहूनही जुने, किंबहुना पृथ्वीहूनही जुने आहेत. ते कोणत्या तरी ताऱ्याच्या पोटात तयार झाले आणि तो तारा फुटला तेव्हा अवकाशात फेकले गेले. हा मुद्दा आरंभीच सांगून ठेवण्याचे कारण असे की, आजच्या विषयात हे लोखंड पुढे एका अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

विषय आहे गुरुत्वाकर्षणाच्या पर्यायी सिद्धांतांचा, आणि त्या सिद्धांतांनी विश्वाचे जे निराळे चित्र काढले त्याचा. ग्रंथालयाच्या सभासदांना डॉ. जयंत नारळीकर हे नाव ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ या पुस्तकांमुळे परिचित आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठविली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात लिहवून घेतली, ही हकिगतही अनेकांनी वाचली असेल. मात्र ज्या कार्यामुळे ते जगाला माहीत झाले ते कार्य नेमके कोणते, असा प्रश्न केला तर उत्तर बहुधा ‘त्यांनी महास्फोटाला विरोध केला’ एवढ्यावर थांबते. विरोध तर खराच. पण तो कशाच्या बळावर केला, त्यातले काय टिकले आणि काय टिकले नाही, हे समजून घेतल्यावाचून केलेला गौरव हा देवघरातील तसबिरीला घातलेल्या हारासारखा राहतो.

गुरुत्वाकर्षणाच्या इतिहासात एकच पेच दोनदा पडला आणि दोन्ही वेळा त्याचे उत्तर उलट निघाले. युरेनस हा ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. लव्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने न्यूटनला हात न लावता असे मानले की, पलीकडे न दिसलेला एखादा ग्रह त्याला ओढत असला पाहिजे. १८४६ साली त्याने सांगितलेल्या जागेपाशी नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही किंचित विसंगती आढळली. शतकाला अवघे ४३ विकला इतकी. एक विकला म्हणजे एका अंशाचा छत्तीसशेवा भाग. लव्हेरिएने तीच युक्ती पुन्हा योजली आणि सूर्याजवळ एक अदृश्य ग्रह कल्पून त्याला व्हल्कन असे नाव देण्यात आले. हा ग्रह कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. यावेळी चूक न्यूटनच्या नियमात होती. १९१५ साली आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेने ते ४३ विकलांचे अंतर आपसूक भरून काढले. म्हणजे निरीक्षण आणि नियम जुळेनासे झाले की, दोन वाटा असतात. न दिसणारे द्रव्य मानावे, नाही तर नियम बदलावा. कोणती वाट खरी, हे आधी सांगण्याची सोय नसते.

विसाव्या शतकात हाच पेच विश्वाच्या पातळीवर उभा राहिला. १९३३ साली झ्विकी यांना दीर्घिकांच्या एका समूहात आणि १९७० च्या सुमारास व्हेरा रुबिन यांना देवयानी दीर्घिकेत असे आढळले की, दिसणाऱ्या द्रव्याच्या मानाने गती फार अधिक आहेत. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी नेपच्यूनची वाट धरली आणि ‘कृष्णद्रव्य’ मानले. इस्राएलच्या मिलग्रोम यांनी १९८३ साली व्हल्कनचा धडा आठवून नियमालाच हात घातला: त्वरण अतिशय क्षीण झाले की, न्यूटनचा नियम बदलतो असे त्यांचे म्हणणे. १९९८ साली विश्वाचे प्रसरण मंदावण्याऐवजी वेग घेत आहे असे दिसले, तेव्हा ‘कृष्ण ऊर्जा’ आली. आजच्या प्रचलित हिशेबात ओळखीचे द्रव्य विश्वाच्या सुमारे पाच टक्केच आहे. उरलेले पंचाण्णव टक्के या दोन ‘कृष्ण’ घटकांच्या खात्यावर. ज्या वहीत पंचाण्णव टक्के रक्कम ‘किरकोळ’ सदराखाली मांडली आहे तिच्याकडे गोव्यातला कोणताही जुना दुकानदार संशयाने पाहील. पर्यायी सिद्धांत मांडणाऱ्यांचा संशय तसाच आहे, आणि तो अनाठायी म्हणता येत नाही.

या विषयाशी गोव्याचा संबंध जुना आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. त्यांचे वडील, ‘निवेदन’ या आत्मचरित्राचे लेखक धर्मानंद, हे साखवाळचे. इतिहासकार कोसंबी सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांचा पेशा गणिताचा होता. १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना ते ‘मार्गांच्या भूमिती’वर संशोधन करीत. नेहमीच्या पद्धतीत आधी अंतरे मोजण्याचा नियम ठरवितात आणि त्यावरून कण कोणत्या वाटेने जाईल ते काढतात. कोसंबींनी उलटीकडून सुरुवात केली: वाटा आधी दिलेल्या आहेत असे धरून त्यांवरून भूमिती कोणती निघते, हे पाहिले. याच सुमारास ऑक्सफर्डचे मिल्न यांनी आइन्स्टाइनची समीकरणे बाजूला ठेवून केवळ गतीच्या विचारावरून विश्वाची रचना सिद्ध करण्याचा प्रयत्न चालविला होता. कोसंबींनी १९३६ साली मार्गांची भूमिती आणि विश्वोत्पत्ती या विषयावर ऑक्सफर्डच्या गणिती त्रैमासिकात जो निबंध लिहिला तो याच वादाच्या संदर्भात. मिल्न यांचे विश्व पुढे मागे पडले. कोसंबींच्या त्या काळच्या गणिताला मात्र कार्तां आणि चर्न या थोर गणितज्ञांच्या नावांबरोबर आजही स्थान आहे. सिद्धांत पडतो आणि त्यासाठी घडविलेले हत्यार उरते, असे या क्षेत्रात वारंवार घडते.

कोसंबी १९२९ ते १९३१ या काळात बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात शिकवीत होते. ते गेल्यानंतरच्या वर्षी, १९३२ साली, तेथे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतून गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. व्यापक सापेक्षतेचे अध्ययन भारतात ज्या मोजक्या लोकांनी रुजविले त्यांत त्यांची गणना होते. गुजरातचे प्र. चु. वैद्य १९४२ साली त्यांच्याकडे आले आणि वर्षभरात त्यांनी प्रकाश ओतणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे जे उत्तर शोधले ते जगभर ‘वैद्य’ नावानेच ओळखले जाते. या वातावरणात, १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेला जयंत बनारसमध्ये वाढला. आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात फळा होता आणि मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यावर भाच्यासाठी गणिताची आव्हाने लिहून ठेवीत. सुटेपर्यंत ती पुसायची नाहीत असा रिवाज. मराठी घरात अशा फळ्याला जितका मान मिळायला हवा तितका अजून मिळालेला नाही.

केंब्रिजला गणिताची परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्यावर जयंतराव १९६० साली फ्रेड हॉइल यांचे संशोधक विद्यार्थी झाले. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली स्थिर स्थितीचे विश्व मांडले होते. विश्व प्रसरण पावते, पण त्याला आरंभ नाही. दीर्घिका दूर जातात तशी मधल्या जागेत नवे द्रव्य निर्माण होते आणि विश्वाचे सरासरी रूप जसेच्या तसे राहते. ही निर्मिती इतकी तुरळक की, एका घनमीटर जागेत काही अब्ज वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. ‘शून्यातून द्रव्य’ ही कल्पना अनेकांना खटकली. त्यावर हॉइल यांचे उत्तर असे असे की, एकदम सगळे विश्व शून्यातून आले हे जर चालते, तर एकेक अणू आलेला का चालू नये? युक्तिवाद म्हणून हे उत्तर चोख आहे. पण केवळ युक्तिवादावर भौतिकशास्त्र चालत नाही. निर्मितीचे गणित हवे होते. ते गणित हॉइल आणि नारळीकर यांनी एका ऋण ऊर्जेच्या क्षेत्राच्या साहाय्याने उभे केले. द्रव्य निर्माण होताना जितकी धन ऊर्जा लागते तितकीच ऋण ऊर्जा त्या क्षेत्रात जमा होते, म्हणून ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडत नाही.

यानंतरचे पाऊल अधिक मोठे होते. त्यासाठी जडत्व म्हणजे काय, हा प्रश्न समजून घ्यावा लागतो. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसले की, अंग बाहेर फेकले जाते. पाळणा फिरतो आहे हे अंगाला कळते, पण तो कशाच्या संदर्भात फिरतो? जमिनीच्या, असे म्हणावे तर जमीनही फिरते आहे. १८५१ साली फूको याने पॅरिसमध्ये लांब लंबक टांगून पृथ्वीचे भ्रमण दाखविले, तेव्हा त्या लंबकाने आपली दिशा राखली ती दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भात. इतक्या दूरच्या ताऱ्यांचा पॅरिसमधल्या लंबकाशी काय संबंध? एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन विचारवंताचे उत्तर असे की, संबंध आहे, आणि तोच जडत्वाचे मूळ आहे. वस्तूला ढकलताना ती जो अडून बसण्याचा गुण दाखविते तो तिचा एकटीचा नव्हे. विश्वातील उरलेल्या सर्व द्रव्याने तो तिला दिला आहे. आइन्स्टाइनला या विचाराने भुरळ घातली होती, परंतु व्यापक सापेक्षतेत तो पुरता उतरला नाही. त्या समीकरणांत संपूर्ण रिकाम्या विश्वात सोडलेल्या एकाकी कणालाही वस्तुमान असू शकते. माखच्या दृष्टीने हे विपरीत आहे.

११ जून १९६४ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, त्याचा गाभा हाच. प्रत्येक कणाचे वस्तुमान हे विश्वातील इतर सर्व कणांकडून आलेल्या वाट्यांची बेरीज. कण अनेक असले, विश्व भरलेले असले की, या सिद्धांतातून आइन्स्टाइनचीच समीकरणे बाहेर पडतात; म्हणजे बुधाचे ४३ विकला आणि सूर्याजवळून वाकणारा प्रकाश हे सर्व सांभाळले जाते. शिवाय एक गोष्ट अधिकची मिळते. न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतांत गुरुत्वाकर्षण हे आकर्षणच का, अपकर्षण का नाही, याचे उत्तर नाही. तसे दिसते म्हणून चिन्ह तसे घेतले जाते. या सिद्धांतात आकर्षण गणितातून निघते. गुरुत्वाकर्षणाचा जोर किती हेही दूरच्या द्रव्यावर अवलंबून राहते. विश्वातील निम्मे द्रव्य नाहीसे झाले तर सूर्य आणि पृथ्वी यांचा संबंध आजच्यासारखा राहणार नाही.

भारतात या बातमीने जो उत्साह उसळला त्याची आज कल्पना येणे कठीण आहे. चीनबरोबरच्या युद्धातील पराभवाला दोन वर्षे होत होती, नेहरूंना जाऊन पंधरवडा झाला होता, आणि पंचविशीतला एक भारतीय तरुण आइन्स्टाइनच्या पुढे गेला असे लोकांच्या कानावर आले. १९६५ साली, सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले. ‘आइन्स्टाइनला खोटे पाडले’ हा समज त्या वेळी पसरला तो आजही भेटतो आणि तो चुकीचा आहे. आइन्स्टाइनची समीकरणे एका अधिक व्यापक कल्पनेचा विशेष भाग म्हणून मिळतात, एवढाच त्या सिद्धांताचा दावा होता. हा दावा लहान नव्हे. पण तो निराळा आहे.

त्या ११ जूनच्या सभेत आणखी एक घटना घडली, आणि तिचा उल्लेख मराठी लेखनात बहुधा ओझरता होतो. केंब्रिजमधलाच एक संशोधक विद्यार्थी व्याख्यानानंतर उठला आणि म्हणाला की, या सिद्धांतात वस्तुमानांची बेरीज अनंत येते. हा विद्यार्थी म्हणजे स्टीफन हॉकिंग. नारळीकरांच्या शेजारच्याच खोलीत बसणारा, हॉइल यांच्याकडे संशोधन करण्याची इच्छा असूनही डेनिस शियामा यांच्याकडे गेलेला. नारळीकरांचे गणित त्याने आधी पाहिले होते आणि स्वतःचे करून ठेवले होते. त्याचा आक्षेप असा: या सिद्धांतात भूतकाळातील द्रव्याप्रमाणे भविष्यकाळातील द्रव्याचाही वाटा धरावा लागतो, आणि प्रसरण मंदावत जाणाऱ्या विश्वात भविष्यातील वाट्यांची बेरीज आटोक्यात राहत नाही. पुढे १९६६ सालच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण हॉकिंग यांनी याच विषयाला दिले. आक्षेप खोडून काढण्यासारखा नव्हता. मात्र तो विश्व कोणत्या प्रकारचे आहे यावर अवलंबून होता. स्थिर स्थितीच्या विश्वात प्रसरण वेग घेते. तेथे भविष्याला एक क्षितिज असते, त्या पलीकडचे काही पोहोचत नाही आणि बेरीज सांत राहते. हॉइल आणि नारळीकर यांचा बचाव हा होता. १९९८ साली प्रसरण खरोखरच वेग घेत असल्याचे दिसून आले, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्थिर स्थितीच्या सिद्धांताने ते पन्नास वर्षे आधी सांगितले होते. २०११ साली त्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा या पूर्वकथनाची आठवण फारशी कोणी काढली नाही.

परंतु १९९८ पर्यंत स्थिर स्थितीचा मूळ सिद्धांत दुसऱ्याच कारणाने कोसळला होता. १९६५ साली पेन्झिआस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंग सापडले. तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे तीन अंश. महास्फोटाच्या उष्णतेची ती निवलेली ऊब आहे, हा अर्थ सरळ होता. आरंभ नसलेल्या विश्वात अशा उबेला जागा नव्हती. त्या आधी केंब्रिजच्याच मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी करून दूरचे, म्हणजे पूर्वीचे, विश्व आजच्यासारखे नव्हते असा निष्कर्ष काढला होता. १९६१ साली त्याला उत्तर देण्याचे काम हॉइल यांनी नव्या विद्यार्थ्यावर, म्हणजे नारळीकरांवर सोपविले होते. ती लढाई काही काळ चालली. सूक्ष्मतरंगांनंतर मात्र बहुतेक सर्व शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले.

नारळीकर वळले नाहीत. १९७२ साली ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. त्याच सुमारास हॉइल यांच्यासह त्यांनी आपल्या सिद्धांताचे एक रूप असे मांडले की, त्यात गुरुत्वाकर्षणाचा जोर काळाबरोबर हळूहळू घटतो. अशी कल्पना डिरॅक यांनी १९३७ साली प्रथम सुचविली होती. वर्षाला दहा अब्जात एक भाग, इतकी ती घट. येथे निसर्गाने स्पष्ट कौल दिला. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर पृथ्वीवरून लेसर किरण पाठवून चंद्राचे अंतर मोजले जाते. मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनीही अशीच मोजमापे पुरविली. जोर बदलत असेल तर कक्षा किंचित रुंदावल्या पाहिजेत. तशा त्या रुंदावत नाहीत. बदल असलाच तर तो वर्षाला लाख कोटीत एका भागाहूनही कमी आहे. सिद्धांताचे हे रूप त्या मोजमापांत टिकले नाही. जो सिद्धांत असा पडू शकतो तोच भौतिकशास्त्रातला सिद्धांत म्हणवून घेण्यास पात्र असतो. कोणत्याही मोजमापाला न जुमानणारी मते दिवाणखान्यात शोभतात.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनाशास्त्र या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद गोव्यात भरली. तिच्या निबंधसंग्रहाच्या संपादकांत अय्यर, विश्वेश्वर आणि अजित केंभावी यांच्यासह नारळीकरही होते. ही परिषदांची मालिका पुढे चालू राहिली आणि २०११ साली ती पुन्हा गोव्यात आली. पहिल्या परिषदेच्या पुढच्याच वर्षी पुण्यात ‘आयुका’ ही संस्था स्थापन झाली. नारळीकर तिचे संस्थापक-संचालक. २००३ पर्यंत त्यांनी ती वाढविली. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. संचालक महास्फोटाचे विरोधक, पण संस्था महास्फोटाच्या विरोधासाठी चालविली गेली नाही. तेथे थनू पद्मनाभन, वरुण साहनी, नरेश दधिच, संजीव धुरंधर यांनी आपापल्या वाटेने काम केले, त्यांतले बरेचसे प्रचलित मताला धरून. साहनींचे कृष्ण ऊर्जेवरील कार्य आणि गुरुत्वीय लहरींचा क्षीण सूर गोंगाटातून वेगळा काढण्याच्या धुरंधरांच्या पद्धती यांना जगभर मान्यता मिळाली. आपल्या मताचा मठ न करता विरोधी मताला जागा देणे ही आपल्याकडे दुर्मिळ गोष्ट आहे.

१९९३ साली हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर या तिघांनी स्थिर स्थितीला नवे रूप दिले. या विश्वाला आरंभ नाहीच. दीर्घ काळात ते प्रसरण पावते, पण त्या प्रसरणावर लाटांप्रमाणे आंदोलने असतात. एक आंदोलन सुमारे पन्नास अब्ज वर्षांचे, आणि मूळ प्रसरणाचा काळ त्याच्या वीसपट. नवे द्रव्य सर्वत्र तुरळकपणे नव्हे, तर दीर्घिकांच्या गाभ्यांतील प्रचंड घन वस्तूंजवळ स्फोटकरीत्या जन्मते. मग प्रश्न आला तो १९६५ चा: ती तीन अंशांची ऊब कोठून आली?

आणि येथे लोखंड भेटते. तिघांचे उत्तर असे की, ती ऊब म्हणजे मागील आंदोलनांतल्या ताऱ्यांचा प्रकाश. विश्वातील हेलियम, म्हणजे ओळखीच्या द्रव्याचा सुमारे चौथा हिस्सा, सगळे ताऱ्यांत बनले असे धरले तर त्या प्रक्रियेत बाहेर पडलेल्या ऊर्जेचा हिशेब २.७ अंशांच्या फार जवळ येतो. महास्फोटवादी या जुळण्याला योगायोग म्हणतात. परंतु ताऱ्यांच्या प्रकाशाचे सूक्ष्मतरंगांत रूपांतर कोणी केले? फुटणाऱ्या ताऱ्यांतून लोखंडाची वाफ बाहेर पडते. निवताना तिचे गोल कण न होता बारीक लांबट तंतू होतात, जसे प्रयोगशाळेत धातूची वाफ सावकाश गोठविली असता होतात. लांबी सुमारे एक मिलीमीटर, जाडी त्या मानाने अत्यल्प. असे तंतू दीर्घिकांच्या मधल्या अवकाशात अत्यल्प प्रमाणात विखुरलेले असले तरी ते प्रकाश शोषून त्याची एकसारखी ऊब करून टाकतील. सुर्ल्याच्या डोंगरात दगड होऊन बसलेल्या लोखंडाचेच हे भाऊबंद, इतके विरळ की, त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा केवळ त्यांच्या परिणामातून मिळावा. दूरचे अतिनवतारे अपेक्षेहून मंद दिसतात याचेही कारण प्रसरणाचा वेग नसून हीच लोहधूळ असू शकेल, असे नारळीकर, विश्वकर्मा आणि बर्बिज यांनी २००२ साली गणित करून दाखविले.

कल्पना धाडसी आहे आणि तिच्यात काहीही अशास्त्रीय नाही. तरीही पुराव्याचे पारडे दुसरीकडे झुकले हे मान्य करावे लागते. १९८९ साली सोडलेल्या कोबे उपग्रहाने त्या प्रारणाचे रूप इतके अचूक मोजले की, धुळीने केलेल्या रूपांतरात इतकी निर्दोष एकसारखी ऊब यावी हे पटणे कठीण झाले. १९९२ साली त्याच उपग्रहाला या उबेत लाखात एक भाग इतके चढउतार दिसले. पुढे डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी त्या चढउतारांचा आराखडा काढला, तो महास्फोटाच्या गणिताने आधीच वर्तविलेल्या शिखरांशी बारकाईने जुळला. नव्या सिद्धांताने ती शिखरे दीर्घिकासमूहांच्या आकारावरून समजाविण्याचा प्रयत्न केला. परंतु जे आधी सांगितले जाते त्याचे वजन मागाहून जुळविलेल्याहून नेहमीच अधिक असते. मागील आंदोलनातले अतिवृद्ध तारे आणि नीलच्युती दाखविणाऱ्या अंधुक दीर्घिका सापडतील असे या सिद्धांताचे भाकीत होते. त्यांचा निर्विवाद पुरावा मिळालेला नाही. हॉइल २००१ साली गेले, बर्बिज २०१० साली, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचेही निधन झाले. त्यांचे विश्वचित्र आज फार थोडे लोक मानतात.

मग त्या सगळ्या परिश्रमांचा हिशेब कसा करावा? महास्फोटाच्या सिद्धांताला ज्या कठोर परीक्षा द्याव्या लागल्या त्यांतल्या कित्येक या विरोधकांनी मागितलेल्या होत्या. जड मूलद्रव्ये ताऱ्यांत शिजतात हे हॉइल, फाउलर आणि बर्बिज दांपत्याने १९५७ साली सिद्ध केले. आरंभीच्या स्फोटाचा आधार नको होता, म्हणूनच तर हॉइल यांनी ताऱ्यांत शोध घेतला होता. सुर्ल्यातील लोखंड ताऱ्यात झाले हे आज दोन्ही पक्ष मानतात, आणि ते ज्ञान पराभूत पक्षाकडून आले आहे. ऋण ऊर्जेच्या क्षेत्राची तीच गोष्ट. १९६० च्या दशकात त्याची थट्टा झाली. १९८० नंतर विश्वाच्या आरंभीच्या झपाट्याच्या फुगवट्यासाठी आणि १९९८ नंतर कृष्ण ऊर्जेसाठी ऋण दाबाची क्षेत्रे सर्रास वापरली जाऊ लागली. श्रेय देण्याच्या बाबतीत शास्त्रज्ञांची स्मृती इतरांइतकीच तोकडी असते.

गुरुत्वाकर्षणात बदल सुचविणाऱ्या इतर सिद्धांतांची यादी मोठी आहे. तिचा विस्तार येथे नको. ब्रान्स आणि डिकी यांचा १९६१ चा सिद्धांत माखच्याच विचारातून आला. आइन्स्टाइनच्या समीकरणातील वक्रतेच्या जागी वक्रतेचे अधिक गुंतागुंतीचे सूत्र घालणारे सिद्धांत बुखडाल यांच्या १९७० च्या लेखानंतर वाढले, आणि कृष्ण ऊर्जेला पर्याय म्हणून १९९८ नंतर त्यांचे पीकच आले. एकूण पर्यायी सिद्धांतांतले कित्येक मात्र एका सकाळीच निकालात निघाले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पोहोचल्या, आणि मागोमाग अवघ्या १.७ सेकंदांनी त्याच टकरीचे गॅमा किरण. तेरा कोटी वर्षांच्या प्रवासात पावणेदोन सेकंदांचे अंतर! गुरुत्वीय लहरींचा आणि प्रकाशाचा वेग सुमारे पंधराव्या दशांशस्थळापर्यंत एकच ठरला. ज्या सिद्धांतांत हे दोन वेग भिन्न निघत होते त्यांना त्यानंतर फारशी जागा उरली नाही. आइन्स्टाइनचा सिद्धांत या परीक्षेतही उत्तीर्ण झाला.

तथापि, वही अद्याप बंद झालेली नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना येथील ‘डेसी’ या उपकरणाने सुमारे दीड कोटी दीर्घिका व क्वेसार यांच्या मोजणीवरून असा संकेत दिला की, कृष्ण ऊर्जा कदाचित स्थिर नसून काळाबरोबर क्षीण होत असावी. हा संकेत पक्का झाला तर प्रचलित विश्वचित्रात फेरफार करावा लागेल. नियम बदलायचा की आणखी काही न दिसणारे मानायचे, हा लव्हेरिएचा पेच पुन्हा समोर येईल. मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली आहे. तिच्या दोन बाहू प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. अमेरिकेतील दोन आणि युरोप व जपानमधील वेधशाळांच्या जोडीला ती आली की, गुरुत्वीय लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आली हे आजच्याहून पुष्कळ अचूक सांगता येईल, आणि २०१७ च्या त्या सकाळीसारख्या परीक्षा अधिक वेळा घेता येतील.